बाबांनी न सांगितलेली चीर

मित्रांनो, मी एका चाकांच्या खुर्चीच्या उजव्या ब्रेकचा जुना दांडा आहे. काळा, प्लॅस्टिकचा, जेमतेम बोटभर लांब. बाबा खुर्चीत बसले की मला खाली दाबायचे आणि मी चाक घट्ट धरून ठेवायचो. सहा वर्षं मी त्यांना जागचं हलू दिलं नाही.

मग एकदा दाराच्या चौकटीवर आपटलो आणि मुळाशी तडकलो.

बाबांच्या लेकीने मला घरीच दुरुस्त करायचं मनावर घेतलं. ओट्यावर ठेवून तिने चिरेत झटपट चिकटणारा गोंद सोडला, वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला. बघता बघता दगडासारखा थर झाला. तो तिने कानशीने घासला आणि फुंकर मारली.

"बघा बाबा, नव्यासारखा झाला की नाही?"

"झकास! तू कारखान्यात असतीस तर माझी कधीच सुट्टी झाली असती."

बाबा जन्मभर प्लॅस्टिकच्या साच्यांवर राबलेले. हसता हसता त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि तो चिरेपाशी अडला. त्यांना कळलं. गोंद वरवरच बसला होता, आतून मी दुभंगलेलाच होतो. पण लेकीचा फुललेला चेहरा पाहून ते गप्प राहिले.

त्या दिवसापासून मी धास्तावलो. मला दाबलं की आत बारीक 'टिक' व्हायचं. बाबांना ते ऐकू यायचं. लेकीची पाठ वळली की ते तळहाताने चाक दाबून धरायचे.

एका मंगळवारी औषधांच्या दुकानासमोर, उतारावर तिने खुर्ची थांबवली.

"दोन मिनिटांत आले हं."

"अगं, जरा ऐक..."

ती आत गेलीसुद्धा. बाबांनी चाक धरलं, पण त्यांच्या हातात आता तेवढं बळ नव्हतं. टिक. पुन्हा टिक. आणि मी तुटलो.

एकट्या डाव्या ब्रेकवर खुर्ची गर्रकन फिरली आणि रस्त्यात कलंडली. समोरून येणारा टेम्पो करकचून ब्रेक दाबत वीतभर अंतरावर थांबला.

बाबांचं मनगट मोडलं. लेक धावत आली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसली. मी तिच्या पायाशी दोन तुकडे होऊन पडलो होतो.

"बाबा, तुम्ही 'जरा ऐक' म्हणत होतात... तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा हिरमोड करवेना गं."

तिने माझे दोन्ही तुकडे उचलून मुठीत धरले.

मित्रांनो, डब्याचं झाकण, खेळण्याचं चाक खुशाल जोडा. पण ज्याच्या भरवशावर माणूस बसतो, तो तुकडा बदलाच. आणि चीर दिसली तर तिथल्या तिथे बोला. मला तोंड नव्हतं. बाबांना होतं.