कालचंच ना?

ये सुशांता, बस. टोकियोला नोकरी लागली म्हणून पेढे आणलेस, ते ठेव तिकडे. आधी आपल्या चंदूची गोष्ट ऐक, चंद्रशेखरची. तुझ्याच धंद्यातली आहे. मी चार यत्ता शिकलेला, काही चुकलं तर हसू नकोस.

दोन हजार सातची गोष्ट. चंदूचं ऑफिस टोकियोत, बिऱ्हाड जवळच्या उरायासु गावात. बायको सुप्रभा, पोरगी ओवी. काम काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल म्हणून मूळ प्रोग्राम असतो, त्यात चालू मशीनवर डोकावून बघणारं एक टूल होतं. त्याचं नवं व्हर्जन आलं की इटेनियम नावाच्या प्रोसेसरवर सगळ्या जुन्या टेस्ट परत मारायच्या. काल पास झालेली आज फेल झाली, तर बोंब मारायची. कालही फेल, आजही फेल, तर 'नोन', म्हणजे 'हे माहीत आहे', असा शिक्का मारून पुढं जायचं. पास म्हणजे हिरवी, फेल म्हणजे लाल; पण शिक्का बसला की रिपोर्टात ती लाल दिसतच नाही.

गडी त्यात इतका मुरला की घरीही तेच.

"शेजारणीनं आज परत आपली कचऱ्याची पिशवी दारात आणून ठेवली," सुप्रभा सांगायची. "प्लॅस्टिक वेगळं नव्हतं म्हणे."

"हं. कालचंच ना?"

"ओवीला हाक मारली तर जपानीत उत्तर देते. मी बोलायचं कुणाशी? अहो, परत जाऊ या ना नाशिकला."

"कालचंच ना, सुप्रभा?"

मग ती बोलायचीच थांबली. वाढायची, विचारलं तर "बरं आहे" म्हणायची. चंदूला वाटलं, रुळली.

अशात ऑफिसात कायम फेल होणारी एक टेस्ट एकदम पास झाली. चंदूनं नुसतं हिरवं बघितलं आणि पुढं निघाला. पण त्याचे साहेब, होशिनो-सान, खुर्ची ओढून शेजारी बसले.

"दुरुस्त कुणी केलं?"

"कुणीच नाही."

"मग पास कशी झाली? बघा."

चंदूनं उघडून बघितलं. टूलनं ज्या फंक्शनवर, म्हणजे प्रोग्रामच्या ज्या तुकड्यावर, पहारा बसवला होता, त्याला नव्या कर्नलमध्ये कुणी बोलावतच नव्हतं. पहारेकरी दारात उभा, आणि घर रिकामं. कुणी आलंच नाही, तर चोर सापडणार कुठून? म्हणून पास.

त्याला सुप्रभाचं 'बरं आहे' आठवलं. मग भर दुपारी उठला आणि ट्रेन पकडून घरी आला.

दारात दोन बॅगा भरलेल्या.

"परवाचं विमान आहे," सुप्रभा म्हणाली. "मी आणि ओवी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. रोज."

आता 'थांब' म्हणायचं होतं रे. एकच शब्द. तोंड उघडलंही त्यानं. पण आतून काही आलंच नाही. दुःख नाही, राग नाही, काही नाही.

"एअरपोर्टची बस स्टेशनवरून सुटते," म्हणाला, आणि बॅगांचं वजन करून दिलं.

सुप्रभा माझी भाची. इथं नाशकात शाळेत शिकवते, दाराची बेल वाजली की अजून वळून बघते. चंदू तिकडंच आहे. मी फोन केला की "बरं आहे, मामा" म्हणतो. डोंबलाचं बरं!

तेव्हा सुशांता, एक कर. उरायासुला उतर, त्याच्या दारात उभा राहा, आणि आपल्या नाशकातल्या चार सणसणीत शिव्या घाल त्याला. आत काही हलतंय का ते बघ, आणि मला कळव.