बेडकांचा सव्वा महिना

मखमलाबादच्या मळ्यातली विहीर बुजवली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं बयाबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. ‘वाढलंय.’ ‘दूध संपलं.’ ‘दारात कुणी आलंय.’ बस्स.

मळा विकायचं भावाभावांत ठरलं, तेव्हा खंडेरावांनी सगळ्यांच्या खाली आपली सही केली आणि मग पेढे घेऊन घरी आले. सोळाव्या वर्षी नामपूरहून लग्न होऊन आलेल्या बयाबाईनं त्या विहिरीच्या पाण्यावर शेवंती फुलवली होती, मेथीच्या जुड्या धुतल्या होत्या, दोन बाळंतपणं काढली होती. तिनं पेढ्याला हात लावला नाही. “मला विचारलं नाय,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती दळणा-कांडणाला, निवडणा-टिपणाला जे गुणगुणायची, तेही बंद झालं.

मळ्याच्याच एका कोपऱ्यात त्यांचा नवा बंगला उभा राहिला. विहिरीच्या जागी शेजारच्या इमारतीच्या गाड्या लागू लागल्या. एकदा शेजारच्या वत्सलाबाईंशी बोलताना बयाबाई म्हणाली, “घर चांगलं हाय हो, पण मुकं हाय. पावसाळ्यात बेडूकसुद्धा बोलत नाय इथं.”

खंडेरावांनी ते खिडकीतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात कुदळ मारली.

तीस वर्षं ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. त्याच्या हाताला सूतभर फरक खपत नसे. तळं झालं ते लेव्हल लावून झालं. चारही कडा काटकोनात, भिंती सरळ उभ्या, आणि आतून सिमेंटची अशी घोटाई की तोंड पाहावं. दर रविवारी ते पाणी उपसायचे, ब्रशनं तळ घासायचे, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचे आणि नवं पाणी भरायचे. पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली सुई दिसावी.

बेडूक आला नाही. चतूरसुद्धा कडेवरून गिरकी घेऊन निघून जाई.

जेठ सरत आला तेव्हा बयाबाईनं नामपूरला निरोप धाडला, पंचमीला न्यायला ये. भाऊ दरवर्षीच यायचा. पण या वेळी निरोपात ‘कायमची येते’ असंही होतं. ती वत्सलाबाईंना म्हणाली, “आता गेले की तिथंच राहीन म्हणते. भाऊ काय मला दोन घास जड नाय.” वत्सलाबाईंच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत ते खंडेरावांच्या कानावर आलं.

बोलायची सवय दोघांचीही मोडली होती. सकाळी ते बादली घेऊन कालव्यावर गेले, गुडघाभर चिखलात उतरले आणि पाच बेडूक धरून आणले. तळ्यात सोडले. दुपारी पाहिलं तर चार उडी मारून पसार झाले होते. पाचवा लहान होता. तो भिंतीशी यायचा, पाय लावायचा, घसरायचा. पुन्हा यायचा, पुन्हा घसरायचा. दमून त्याचं नुसतं तोंड वर राहिलं होतं.

बयाबाई बाहेर आली. तिनं सूप पाण्यात बुडवून त्याला अलगद उचललं आणि अळवाच्या बुडाशी ठेवलं.

“पाव्हणे असे बादलीत घालून आणत्यात का?” ती म्हणाली. दोन वर्षांत नवऱ्याशी बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. “हे तळं हाय का ऑपरेशनचं टेबल?”

“म्हटलं, स्वच्छ असावं.”

“जीव स्वच्छतेनं येत नसतो, आसऱ्यानं येतो. या भिंतीवर पाय ठरंल का कुणाचा? आत पडला तर बाहेर कसं यायचं त्यानं?”

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली. खंडेराव “अगं, अगं” करत पुढे झाले आणि थांबले. पहिला घाव बसला, घोटलेल्या कडेचा टवका उडाला. दुसरा बसला. प्रत्येक घावाला त्यांचा डावा डोळा मिटत होता. पण त्यांनी पहार धरली नाही. उलट ती दमल्यावर स्वतः पुढे झाले.

“कुठवर तोडू?”

“गाईला पाण्यात उतरता येईल एवढा उतार करा.”

“इथं गाय कुठंय?”

“असती तर,” ती म्हणाली.

उतारावर दगड आले, दगडांच्या फटींत माती आली. नाल्याकाठचा लव्हाळा आला, अळू सरकून पाण्यापाशी आलं. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी भरलं. मग बयाबाईनं हात धुतले आणि बजावलं, “आता ही बाळंतीण हाय. सव्वा महिना हिला हात लावायचा नाय. घासायचं नाय, उपसायचं नाय, पावडरीचं तर नावच काढायचं नाय.”

“घाण झालं तर?”

“होऊ द्या.”

सव्वा महिना! खंडेरावांना तो जन्मठेपेसारखा गेला. आठ दिवसांत पाणी हिरवं झालं. रविवारी सकाळी ते ब्रश हातात घेऊन तळ्यापाशी येत, उभे राहत आणि ब्रश परत ठेवून देत. मग पाण्यावर लांब पायांचे निवळी किडे धावू लागले, जणू कुणी अदृश्य सुईनं टाके घालतंय. लाल चतूर लव्हाळ्याच्या टोकावर येऊन बसला तो बसलाच. धोबी पक्षी शेपूट आपटत दगडांवरून हिंडून गेला. आणि एका सकाळी अळवाच्या देठाशी पाण्यात साबुदाण्याच्या खिरीसारखं काही तरंगताना दिसलं, प्रत्येक दाण्यात काळा तीळ.

“अगं, हे काय झालंय बघ!” खंडेराव ओरडले.

बयाबाई वाकली. “बेडकीची अंडी! रातच्या पावसात येऊन गेली, कळलंसुद्धा नाय.” कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकूनच राहिली. मग आत जाऊन मेथी निवडताना तिच्या तोंडून बारीक आवाजात निघालं,

नव्या पाण्याला गं बाई, नको घाई, नको घाई
आधी शेवाळाची साय, मग बेडकाची आई

खंडेराव दाराआड उभे होते. खोकला आला तरी त्यांनी तो गिळला.

पंचमीला दोन दिवस उरले असताना वत्सलाबाई तणतणत आल्या. “खंडेराव, डास झालेत हो! तुमच्या त्या गटारगंगेपायी. हे घ्या, आमच्याकडचं रॉकेल. वाटीभर ओता, आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.”

तेवढ्यात नामपूरचा भाऊ, सावळीराम, फाटकातून आत आला. कांद्याच्या मार्केटातून थेट एसटीत बसलेला, खांद्यावर पिशवी. त्यानं तळ्यात डोकावून पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, “यामा काय शे इतलं? डबकं तं शे!” आणि वत्सलाबाईंना म्हणाला, “ओता, ओता. आक्का तं चालनी मनासंगे.” बहीण आपल्याबरोबर निघालीच, असा त्याचा हिशेब.

वत्सलाबाईंनी डबा खंडेरावांच्या हातात दिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पाण्यात काळी काळी शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. शेजारीण म्हणत होती ओता, मेव्हणा म्हणत होता ओता, आणि दोन माणसांनी एकदम आग्रह केला की खंडेराव आजवर सही करून मोकळे होत आले होते.

त्यांनी डबा खाली ठेवला.

“हिला विचारल्याबिगर मी काय करनार नाय,” ते म्हणाले. “तळं तिचं हाय. ती म्हणंल तसं.”

आत बयाबाईच्या हातातली साडीची घडी तशीच राहिली. ती बाहेर आली. पदरानं उगाच तोंड पुसलं.

“वत्सलाबाई, ही पिल्लं मोठी होऊ द्या. डास तेच खातील. तोवर कडुलिंबाची धुरी मी देते तुमच्या दारात, रोज संध्याकाळी.” मग भावाकडे वळली. “सावळ्या, पंचमीला येते. पण तीनच दिवस. सव्वा महिन्याला अजून आठवडा हाय. बाळंतिणीला टाकून राहता येत नाय.”

“आक्का गं! तू तं सांगे कायमनी येस,” भाऊ चक्रावला.

“सांगत होते,” बयाबाई म्हणाली. “तवा मला कुणी विचारत नव्हतं. चल, च्या पी आधी.”

ती गेली तरी तीन दिवस रोज संध्याकाळी वत्सलाबाईंच्या दारात धुरी पेटली. ती खंडेरावांनी दिली, डोळ्यांतून पाणी काढत.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे नामपूरच्या एसटीडी बूथचा गलबला, आणि त्यातून बयाबाईचा आवाज. “जेवलात का?”

“जेवलो. अगं, आज दुपारपास्नं एक आलाय. पिवळाधम्मक. दगडावर बसून लय बोलतोय.”

“खोटं.”

“थांब.”

खंडेरावांनी फोनची वायर ओढत ओढत मागच्या दारापर्यंत नेली. ती पुरेना. मग ते उंबऱ्यावर गुडघे टेकून बसले आणि हात लांब करून रिसीव्हर अंगणात धरला. लव्हाळ्यातून आवाज आला, घोगरा, ठसक्यात. थोडं थांबून पुन्हा आला. हात भरून आला तरी ते तसेच बसून राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे बूथवाला “बाई, आटपा” म्हणत होता.

“ऐकलंस?”

“ऐकलं,” बयाबाई म्हणाली. “उद्याच्या पहिल्या गाडीनं येते. स्टँडवर या घ्यायला. आणि अहो, पाणी कमी झालं असंल तर भरा थोडं, पण हळू. तांब्यानं.”

“किती तांबे?” खंडेरावांनी विचारलं.