वळसंगच्या ज्वारीतला वाघ

वळसंगचा वाघ सकाळी नऊ हात लांब होता. दुपारी तो चौदा हात झाला. आणखी दोन माणसांच्या तोंडून फिरला असता, तर त्याचं डोकं सोलापुरात आणि शेपूट वळसंगात राहिलं असतं.

अठ्ठ्याहत्तर सालचा माघ महिना. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आलेला. दुपारच्या एसटीनं सोलापूरचा पेपर आला आणि तोवर तोंडी असलेला वाघ छापील झाला: 'वळसंग शिवारातील ज्वारीत वाघ शिरल्याचे समजते.'

सरपंच हिंदुरावांनी लगेच हुकूम सोडला. सगळ्यात दाट शाळू ओढ्याकाठचा, केराबाईचा. वाघ असणार तर तिथंच. चारी बाजूंनी पेटवा!

केराबाईचा शाळू पाच एकर, आणि असा माजलेला की पाखरांनाही कणीस गाठायला दोनदा दम घ्यावा लागे. वर्षाची भाकरी त्यात उभी होती. ती बांधावर पोचली तेव्हा साठ माणसं पलिते घेऊन तयार.

"सरपंच, वाघ पायला कुणी?"

"पायला कशाला पायजे? छापलंय की!"

केराबाईनं पेपर हिसकावला. तिला वाचता येऊ लागून वर्षही झालं नव्हतं, पण एक शब्द तिनं अंधारातही ओळखला असता. सोलापूरच्या शाळेतल्या पद्मजाबाई दर रविवारी येऊन गावच्या अकरा बायांना पेपर वाचायला शिकवत. मंडळाचं नाव 'कोण म्हणतं मंडळ'. गाव त्याला 'नसत्या चौकशा मंडळ' म्हणे. बाईंनी प्रत्येकीला तांबडी पेन्सिल दिली होती आणि सांगितलं होतं, "बातमीत 'समजते' दिसलं की खाली रेघ मारायची. कुणाला समजते? त्यानं पाहिलं की ऐकलं? ऐकलं असेल तर चपला घालायच्या आणि ज्यानं सांगितलं त्याच्याकडं जायचं."

केराबाईनं कमरेची पेन्सिल काढून अशी रेघ ओढली की कागद टराटरा फाटला.

"हे बगा, समजते! पेपरवाल्यानंबी पायला न्हाय. मला पाचची गाडी सुटंस्तोवर येळ द्या."

"आन् तवर वाघानं कुणाला खाल्लं तर?"

"मला खाऊ द्या. शाळू तर खात न्हाय ना त्यो?"

साठ माणसं हसली. हिंदुराव नाइलाजानं म्हणाले, "पाचपतुर. पुढं एक पळ न्हाय."

मंडळाच्या बाकीच्या दहा बाया पलित्यांसमोर बांधावर ओळीनं बसल्या, आणि केराबाई पळाली. अशी पळाली की तिची सावली दोन वळणं मागं राहिली.

पहिल्यांदा कोंडीबाचं चहाचं दुकान. कोंडीबा सकाळपासून वाघाचं वर्णन, मिशांपासून खाल्लेल्या म्हशीपर्यंत, फुकट आणि चहा पैशानं देत होता.

"कोंडीबा, त्याच्या मिशा तुमी डोळ्यानं पायल्या?"

"आता बगा वैनी, बिनमिशीचा वाघ आसतोय व्हय?" कोंडीबा किटली पुसू लागला. "कंडक्टर धुळाप्पा नुस्ता वाघ म्हणला. मिशा मी लावल्या."

"आन् म्हस कुणी खाल्ली?"

"ती गिऱ्हाइकांनी घातली मधी."

धुळाप्पा एसटीच्या पायरीवर तिकिटं जुळवत बसला होता. साडेचार झाले होते.

"पेपरवाल्याला म्याच सांगितलं की," तो छाती फुगवून म्हणाला.

"पायला व्हय?"

छाती थोडी उतरली. "ऐकला. काल सकाळी गाडी सुटताना गौरम्मा खिडकीतनं तिच्या सासूला वरडली. ज्वाळदाग हुली. ज्वारीत वाघ! मला थोडं कानडी येतंय."

हे 'थोडं' ऐकून केराबाईच्या काळजात काहीतरी टुणकन उडालं. गौरम्मा हिंदुरावांच्याच वाड्यावर धान्य निवडायला जायची. केराबाईनं परसदारी गाठून तिचं सूपच धरलं.

"गौरम्मा, काल गाडीतनं काय वरडलीस? खरं सांग, माजा शाळू जाळायला निगालेत!"

"अय्यय्यो! सासू बहिरी हाय म्हून वरडले. गौडर ज्वाळदाग हुळ बिद्दाव. सरपंचाच्या ज्वारीत कीड पडलीया, ऊन दाखवायला जा म्हणलं."

"मंग वाघ?"

"वाघ हुली! कीड हुळ!" गौरम्मानं कपाळावर हात मारला. "इंजिन घरघरत हुतं. त्या मुडद्याला काय ऐकू आलं, त्यो जाणं!"

केराबाईनं सुपातली मूठभर ज्वारी पदरात बांधली, गौरम्माचं मनगट धरलं आणि दोघी उधळल्या. पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा पहिला पलिता पेटला होता आणि दहा बाया जागच्या हलायला तयार नव्हत्या.

"थांबा! वाघ धरलाय!"

साठ माणसं दहा पावलं मागं सरली. केराबाईनं हिंदुरावांपुढं पदर सोडला. दाण्यांत काळे टोके किडे वळवळत होते.

"ह्यो घ्या. तुमच्याच कणगीत हाय. जाळायचीच तर कणगी जाळा."

गौरम्मानं सगळी हकिकत मराठीत सांगितली आणि खातरी म्हणून कानडीतही सांगितली. कानडी कळणारे आधी हसले, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, हिंदुराव.

"इझवा रं पलिते," ते म्हणाले.

लोक पांगायला लागले. केराबाई आडवी झाली. "कुटं निगाला? पाच एकराला साठ माणसं मला जल्मात गोळा करता आली नसती. उद्या काढणीला या. ज्यानं वाघ डोळ्यानं पायलाय, त्यानं खुशाल घरी बसावं."

घरी बसायला कोण धजणार? दिवस उगवायच्या आत साठही हजर, सगळ्यांत पुढं हिंदुराव. शाळू असा भराभरा उपटला गेला की जमिनीला गुदगुल्या झाल्या. दुपारी शेवटच्या दोन ओळी उरल्या, आणि त्यातून काहीतरी करडं सुसाट निघालं.

साठ माणसं बांधापार. सरपंच बाभळीवर, काट्यांसकट.

तो ससा होता. केराबाई हसून हसून मटकन खाली बसली, डोळे पुसून उठली आणि त्या दोन ओळी तिनं एकटीनंच उपटल्या.