देवीला घट्ट झालेला झगा

खरं सांगते, अगदी खरं! यातला एक शब्द जरी खोटा निघाला ना, तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता या बशीत पडू देत.

मी ज्या दुकानात काम करायची ते एका शिंपिणीचं होतं. तिला सगळे टाचणी म्हणायचे, कारण बाई बोलायची तीच मुळी ओठांत टाचण्या धरून. चिडली की त्या अशा सुटायच्या की भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्याशिवाय लटकून राहायचं. हसू नका, मी त्या कॅलेंडरवर तारखा बघितल्यात. मी तिच्या शेजारी बसून हूक लावायची, काजं करायची. तिचं मशीन सुरू झालं की मांजर आधी शेपूट आवरून घ्यायचं. एकदा ती शेपूट एका गिऱ्हाइकाच्या पँटीला शिवली गेली होती, आणि तो सद्गृहस्थ बसस्टॉपपर्यंत मांजर घेऊन गेला. म्हणतो कसा, "पँट जरा जड वाटते हो."

दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे देवीचं देऊळ. देवीचे सगळे झगे टाचणी शिवायची. तिच्या आधी तिची सासू शिवायची. पण देवी दिसते कशी, ते दोघींनाही माहीत नव्हतं. आमच्या जातीनं खालच्या पायरीपर्यंत जायचं, पुढे नाही. टाचणीनं झगा पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचं. मग पुजारीकाका खाली येऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे. झाला झगा शुद्ध!

मी एकदा म्हटलं, "काका, माझ्यावर अख्खी बादली ओता. मग येते मीपण वर."

काका हसले. माणूस वाईट नव्हता हो. हसला, आणि झगा उचलून वर गेला.

देवीचं माप दोऱ्यावर यायचं. खांद्याची गाठ, कमरेची गाठ, उंचीची गाठ. पण तो दोरा नुसता खिळ्याला लटकलेला असायचा, कारण आमच्याकडे टाचणीची पोरगी होती. भिंगरी. एका जागी उभी राहील तर शप्पथ. अशक्त पोर, अंगच धरत नव्हती. एकदा गंमत म्हणून दोरा तिच्या अंगाला लावला, तर सगळ्या गाठी बरोब्बर बसल्या! तेव्हापासून देवीचा प्रत्येक झगा आधी भिंगरीच्या अंगावर चढायचा. तेवढ्यापुरती मात्र ती गप्प उभी राहायची. हात पसरून, हनुवटी वर.

"आई, देवी नाकात बोट घालते का गं?"

"हलू नकोस. टोचेल."

"पण आत्ता मी देवी आहे ना? मग नमस्कार कर मला."

आणि टाचणी, तोंडातल्या टाचण्यांसकट, वाकून नमस्कार करायची.

ही गोष्ट आम्हा तिघींतच होती. बाहेर फुटली असती तर मागचे सगळे झगे बाटले असते, आणि आम्हाला दुकानासकट उचलून फेकलं असतं.

मग भिंगरीला ताप यायला लागला. उतरायचा, परत चढायचा. औषधं झाली, डॉक्टर बदलून झाले. पोरीची नुसती काडी झाली. आणि गेली. यात मला काही रंगवायचं नाही.

ती गेली तरी देवीला नवा झगा लागणारच होता. टाचणी मशीनवर बसली. पिवळं कापड, हिरवी किनार. दोरा काही तिनं खिळ्यावरून काढला नाही. मी बघितलं, आणि हूक मोजत बसले. कात्री आपली सरसर चालली. माझ्याकडे हूक लावायला आला तेव्हा झगा मला बारका वाटला. म्हटलं, रडून रडून माझेच डोळे गेलेत.

दुसऱ्या दिवशी देवळात हा गोंधळ! झगा देवीला होईना. पाठीवरचे हूक लागेनात. पहिल्यांदाच असं झालं. कुणीतरी म्हणालं, पुजाऱ्यानं नैवेद्य जास्त दाखवला असेल. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, देवी वाढली! चमत्कार!" झालं. रांग जी लागली ती देवळापासून पार स्टेशनपर्यंत. रांगेत दोघांची लग्नं जमली, एकाचं मोडलं. एक बाई तर सांगत सुटली की देवीचं डोकं छताला टेकलंय, आता वरचा मजला चढवावा लागणार.

टाचणी दुकानाच्या दारात उभी राहून रांग बघत होती.

"देवी नाही गं वाढली," ती हळूच म्हणाली. "भिंगरीच शेवटी एवढीशी राहिली होती. उचलून न्हाऊ घालायचे ना मी तिला. हातात तेच माप बसलं होतं."

मग म्हणाली, "मला तो झगा परत पाहिजे. तिचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

पुजारीकाका खाली आले तेव्हा आम्ही दोघी पायरीशी गेलो.

"काका, झगा चुकला माझा. तो परत द्या. दुसरा देते शिवून, चांगला."

"अगं चुकला कसला? वेडी का तू? देवीच्या अंगाला लागलाय तो. आता तुझ्या हातात कसा देऊ?"

"मीच केलाय ना तो."

"तू केलास तेव्हा ते नुसतं कापड होतं."

"मग लांबून दाखवा. एकदाच."

"तुझी भक्ती मोठी आहे, बाई. देवी बघते तुला वरून."

"ती बघते हो, पण मला—" टाचणी म्हणाली, आणि पुढचं तिच्या ओठांवर आलं. मी कोपरानं असं ढोसलं की ती गप्प झाली. काय सांगणार होती? कुणाचं माप म्हणून सांगणार होती?

देवळाच्या अध्यक्षांना एक नात होती, किडकिडीत. चमत्काराचा झगा प्रसाद म्हणून तिला मिळाला. तो घालून ती पायऱ्यांवरून उड्या मारत उतरली, रस्ता ओलांडून थेट आमच्या दारात. लहान पोर, तिला काय ठाऊक! टाचणीकडे पाठ करून म्हणते, "काकू, हूक सुटला. लावून दे ना."

टाचणी खाली वाकली. तिनं हूक लावला. खांद्याची शिवण अंगठ्यानं सारखी केली, आणि हात तिथेच ठेवला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाहीच हलत आहे," पोर म्हणाली. आणि खरंच, किती वेळ तशीच उभी राहिली.

बरं, असे नका बघू माझ्याकडे. सांगते. बाकी सगळं खरं, एवढंच मी पदरचं घातलंय. हूक तिनं लावला नाही. पोर पाठ करून उभी होती, टाचणीचा हात हुकापाशी गेलाही होता, तेवढ्यात पलीकडून त्या पोरीची आजी किंचाळली, "ए, हात लावू देऊ नकोस! इकडे ये आधी!" पोर दचकली आणि पळाली. उघडी पाठ घेऊन पळाली.

"खांद्यात बरोबर बसलाय गं," टाचणी म्हणाली.

हात अजून तसाच वर होता. मग मीच तो धरून खाली घेतला.