साहेबांच्या जागी शिझुए

प्रचाराच्या तिसऱ्याच दिवशी आई खोकली आणि तोमोएच्या हातातला भाताचा गोळा खाली पडला.

खोकला साधासुधा नव्हता. आधी थंडीत जुनी गाडी सुरू करताना होते तशी घुरघूर, मग एक दणका, आणि शेवटी "हं!", समोरच्याचं म्हणणं अजिबात पटलं नसल्यासारखं. अख्ख्या खोऱ्यात असं एकच माणूस खोकायचं. तोमोएचे आजोबा, खासदार होसोई गेन्जिरो. आणि ते तर शरदात वारले होते! बंद पडलेल्या नांगर-फावड्यांच्या दुकानात प्रचाराचं कार्यालय थाटलं होतं, आणि तिथल्या भिंतीवरून काळी फीत लावलेला त्यांचा फोटो सगळ्यांच्या चहावर लक्ष ठेवून होता.

"सर्दी झाली का गं तुला?" तोमोएने विचारलं.

"मला कधी सर्दी झालीय, पोरी?"

पोरी? आई तिला "तोमो" म्हणायची, फार रागावली तर "तोमोएबाई". पोरी म्हणायचे ते आजोबा.

साहेब गेले की त्यांच्या घरातल्या कोणीतरी उभं राहायचं, हे खोऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. आईला नको होतं. ती शाळेत गाणं शिकवायची, लग्न करून कुराता शिझुए झाली होती, आणि राजकारण सुरू झालं की टीव्ही बंद करायची. बाबा शहरात दातांचे डॉक्टर. त्यांनी फोनवरच हात झटकले, "दात काढायला बोलवा, मतं मागायला नको." पण आजोबांचे जुने सचिव नुकाताकाका दारात गुडघे टेकून बसले ते बसलेच. वरून बर्फ भुरभुरत होता. म्हाताऱ्याच्या टकलावर पांढरा थर साचला तेव्हा आई हो म्हणाली. मग काकांनी आजोबांचाच प्रचाराचा पट्टा, नाव तेवढं बदलून, तिच्या खांद्यावर चढवला. तोमोएला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं.

कारण त्यानंतर आई आंबट प्लम खायला लागली, जो पाहिला तरी तिचं तोंड वाकडं व्हायचं. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. आणि वरच्या गावात तर कहरच झाला. तिथे उमेआजी कुबडी टेकत रस्त्यावर आली आणि आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आलात का साहेब! मला वाटलं यंदा विसरलात."

तोमोएला हसू येणार होतं, तेवढ्यात आई बोलली, खालच्या पट्टीत, दगड घरंगळावा तशी. "तुला कसा विसरेन उमे? थोरला अजून दारू पितो का?"

आईने उमेआजीला जन्मात पाहिलं नव्हतं.

म्हातारी रडली. नुकाताकाका रडले. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा रडला. रडली नाही ती फक्त तोमोए. तिच्या पाठीतून बर्फाचं पाणी उतरत होतं.

आजोबांची गोष्ट इथली लहान मुलंही सांगतात. गेन्जिरो तरुण असताना त्यांची धाकटी बहीण कियो हिवाळ्यात तापाने फणफणली. डॉक्टर डोंगरापलीकडे, खिंड बर्फाने बुजलेली. गेन्जिरो तिला घसरगाडीवर बांधून निघाले, आणि खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा कोणाला डॉक्टरकडे न्यायचं उरलंच नव्हतं. तिथेच त्यांनी शपथ घेतली की या डोंगराला भोक पाडीन. मग गावची पंचायत, मग प्रांत, मग तोक्यो. लोकांच्या पाया पडले, लोकांना दमात घेतलं, मित्र केले, मित्र बुडवले, मंत्री झाले आणि शेवटी बोगदा खणून घेतलाच. खणताना दरड कोसळली. काही माणसं आतच राहिली, त्यांना बाहेर काढायला थांबले असते तर त्या वर्षाचा निधी परत गेला असता. आजोबा थांबले नाहीत. गोष्टीतला हा भाग लहान मुलं सांगत नाहीत. आजोबांची गाडी मात्र बोगद्यात शिरली की ते टपावरचा प्रचाराचा भोंगा बंद करायला लावत आणि पलीकडे निघेपर्यंत डोळे मिटून बसत.

आता आईही तसंच करत होती. तिला कोणीही सांगितलेलं नसताना.

"काका, हे बरोबर नाहीये," तोमोए म्हणाली. "ती आई राहिली नाहीये."

नुकाताकाकांचे डोळे लकाकत होते. "मग चांगलंच आहे की! लोकांना आई नकोय, साहेब हवेत. तू अजून अठराची नाहीस, कायद्याने तुला प्रचारात तोंड उघडता येत नाही. भात वळ. आणि मीठ जरा बेताने घाल, काल सगळे पाणी पीत हिंडले."

तिने आईलाच गाठलं. जेवणाची सुट्टी होती, दुकानामागे दोघीच होत्या. "आई, तुझं नाव सांग."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग ती हळू म्हणाली, "त्या नावाला कोण मत देतंय?" आणि लगेच, अगदी आईच्या आवाजात, "तोमो, मला थंडी वाजतेय गं. आत फार गर्दी झालीय." तोमोएने तिचा हात घट्ट धरला, पण बाहेरून काकांनी हाक मारली आणि आई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

तेव्हा तोमोएने ठरवलं. निवडणूक गेली चुलीत, आपल्याला आपली आई परत हवी.

प्रचाराचा शेवटचा दिवस आणि तिचा अठरावा वाढदिवस एकच. केक-बिक कोणाच्या लक्षातही नव्हतं. गाडी बोगद्यात शिरली, आईने भोंगा बंद केला आणि डोळे मिटले. तोमोए मागच्या सीटवरून झेपावली, बटण दाबलं, माइक ओढून घेतला आणि जीव खाऊन ओरडली, "कुराता शिझुए! कुराता शिझुए! ही माझी आई आहे!"

नाव भिंतींवर आपटत पुढे गेलं, आणि अंधारातून परत आलं तेव्हा त्यात खूप आवाज मिसळले होते. पुरुषांचे. दमलेले.

आईने डोळे न उघडता तिचं मनगट पकडलं. "ओरडू नकोस, पोरी. झोपलेत ते."

तोमोएने माइक सोडला नाही. पलीकडच्या उजेडात गाडी निघेपर्यंत ती आईचं नाव घेत राहिली, घसा फाटेपर्यंत. उजेडात आईच्या गालांवर पाणी दिसलं. ते कोणाचं रडणं होतं, कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी मतदान. आयुष्यातलं पहिलं! तिने आडोशात कागद ठेवला, पेन्सिल उचलली आणि इथल्या रीतीप्रमाणे उमेदवाराचं नाव स्वतः लिहायला घेतलं. हात आपोआप चालायला लागला. तिने खाली पाहिलं. कागदावर "होसो" उमटलं होतं.

हे तिचं अक्षर नव्हतं. भलंमोठं, उजवीकडे झुकलेलं, आजोबांचं. तिने पेन्सिल उचलायचा प्रयत्न केला, ती जागची हलेना, जणू वरून कोणीतरी हातावर हात ठेवला होता. मायेनेच ठेवला होता, हे सगळ्यात वाईट. तोमोए कुजबुजली, "आजोबा, पुरे. तुमचं होऊन गेलंय." बोटं पांढरी पडली तरी तिने जोर लावला. टोक मोडलं. उरलेल्या बोथट पेन्सिलीने तिने ती अक्षरं खोडली आणि शेजारी पोराटोरांसारख्या वेड्यावाकड्या अक्षरात आईचं नाव लिहिलं.

संध्याकाळी कार्यालयात सगळे फोनभोवती जमले. नुकाताकाकांनी तो उचलला, ऐकला, आणि होते तिथेच खाली बसले.

"वरच्या गावांनी," ते म्हणाले, "साहेबांचंच नाव लिहिलंय. होसोई गेन्जिरो, पूर्ण नाव. गठ्ठेच्या गठ्ठे. मेलेल्या माणसाची मतं बाद." मग चिरक्या आवाजात, "ती धरली असती तर जिंकलो असतो!"

हरलेल्या उमेदवाराने आता माफी मागायची असते. सगळ्यांचे चेहरे शिझुएकडे वळले. निवडणूक गेली होती, त्याचं तोमोएला काहीच नव्हतं. ते तोंड उघडेल तेव्हा बोलेल कोण?

"मी कुराता शिझुए," आई म्हणाली. आवाज बारीक होता, थरथरणारा, शाळेतल्या बाईंचा. "मी हरले. मला तुमची माफी मागायची आहे, आणि मग घरी जाऊन झोपायचंय." तिने खांद्यावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात दुकानाचं सरकतं दार कोणीही हात न लावता उघडलं. बाहेर नुसता बर्फ पडत होता. गार वाऱ्याचा एक झोत मधून निघून गेला, आणि नुकाताकाका, ड्रायव्हर, चहा देणाऱ्या बायका, सगळे एकदम दाराकडे तोंड करून कमरेत वाकले, मोठं माणूस निघताना वाकावं तसे.

शिझुए ताठ उभी राहिली. तिने लेकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

तोमोएही वाकली होती. आपण कधी वाकलो, तिला कळलंच नव्हतं.