सुकलालमामांचे पाच गुण

कॅनडाला जायचं तर माणसाला सत्तर गुण लागायचे, आणि सुरतेत रिंगरोडवरच्या जयंतीभाईंच्या ऑफिसात ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. समोरच्या खुर्चीत माणूस बसला की मी विचारायचे: शिक्षण किती, कामाचा अनुभव किती, वय काय, इंग्रजी बोलता येतं की नुसतं कळतं, तिकडे कोणी नातेवाईक आहे का. प्रत्येकाचे गुण ठरलेले. बेरीज कमी आली की लोक माझ्यावरच चिडायचे, जणू त्यांचे उरलेले गुण मी पदराखाली लपवले होते.

शेवटचे दहा गुण मात्र माझ्या हातात नव्हते. कागदावर साठ झाले की दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं यायचं, आणि तिथला साहेब माणूस समोर बसवून ते दहा गुण द्यायचा. परक्या मुलखात हा टिकेल का, अडला तर वाट काढेल का, ते बघून. जयंतीभाई म्हणायचे, "हर्षदाबेन, एमां छ गणी लेवाना." म्हणजे सगळ्यांचे सरसकट सहा धरायचे. नऊ-दहा कुणालाच मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी सहा धरायचे. खरं सांगायचं तर सहाच्या लायकीचेही मला फार थोडे दिसले.

माझंही मोजमाप तेव्हा चालूच होतं. पंचविशी आली होती आणि आमच्या डिंडोलीच्या घरी रविवारी स्थळं यायची. एकाला मी सावळी वाटले, दुसऱ्याला नोकरीवाली नको होती. तिसऱ्याच्या आईने मला चालून दाखवायला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "तुमचा मुलगाही चालून दाखवणार आहे का?" ते लोक पोहे तसेच टाकून गेले. त्यानंतर आई कितीतरी दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलत होती.

त्यामुळे बापूंनी चौथं स्थळ आणलं तेव्हा मी नीट ऐकूनही घेतलं नाही. बापू उधन्याच्या एका लूम कारखान्यात होते आणि मुलाचा काका त्यांच्याच खात्यात होता, एवढं कानावर पडलं. रविवारी येणार म्हणाले. येऊ देत, म्हटलं. पोहे करायचा हात तर माझा बसलाच होता.

आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ऑफिसात एक तरुण आला. हजीऱ्याच्या कारखान्यात मशिनांची मीटरं दुरुस्त करायचा. डिप्लोमा झालेला, नाव योगराज. सोबत त्याचे पंडितकाका होते, आणि सगळी उत्तरं तेच देत होते. ऑफिसात मी हिंदीच बोलायचे. मराठी बोललं की लोक गाव विचारतात आणि मग गुण वाढवून मागतात.

"इंग्लिश?" मी विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास!" काका म्हणाले.

"समजतं," योगराज म्हणाला. "बोलताना अडतो. कमी लिहा."

मी मान वर करून बघितलं. माझ्या खुर्चीसमोर बसून स्वतःचे गुण कमी करून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. सांगताना तो हसलाही, आणि ते हसू काही गुण मिळवण्यासाठी नव्हतं. मला तो आवडला. आता यात लपवण्यासारखं काय आहे? आवडला.

बेरीज एकसष्ट झाली. मुलाखतीला बोलावतील, पण तिथे दहापैकी नऊ मिळवावे लागतील, असं मी सांगितलं. काकांचं तोंड उतरलं. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, तिकडे कोणी नातेवाईक?

"मामा!" काका टेबलावर हात आपटून म्हणाले. "सुकलालमामा. टोरांटो में. लिखो."

"सगे मामा?"

"मामा यानी मामा! इसकी माँ का भाई."

योगराजनेही मान हलवली. मामाचे पाच गुण होते. मी लिहिले, सहासष्ट झाले. आता साहेबाने चार दिले तरी काम झालं. त्या दोघांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला असावा, कारण जयंतीभाईंनी मला विचारलं, आज पगार वाढला की काय.

रविवारी मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि समोर पंडितकाका, त्यांच्या शेजारी योगराज. माझा ट्रे पडता पडता राहिला. योगराजचे कान लाल झाले.

"अरे, हाई त कालनी मॅडम शे!" काका बापूंकडे वळून अहिराणीत ओरडले. "रामदासभाऊ, तुम्ही सांगं का बरं नही? आते त फाइल घरमाच उनी!"

बापूंना काहीच कळेना. मग काकांनी गुण, दिल्ली, साहेब सगळं समजावून सांगितलं. योगराज सहासष्टवर आहे, फक्त चार हवेत, म्हणजे कॅनडा झालाच समजा, आणि पोरगीही बरोबर जाणार. आईच्या डोळ्यांत मला विमान दिसायला लागलं. मी मान खाली घालून बसले होते आणि मनात माझ्याही ते विमान होतंच. हजीऱ्याचा हा हसरा माणूस आणि कॅनडा, दोन्ही एकाच रविवारी. इतकं छान माझ्या बाबतीत कधी घडत नसे.

तिकडे योगराजच्या आई, धुरपदाबाई, माझ्या आईच्या जवळ सरकल्या होत्या.

"तुम्हनं माहेर कोनतं व, मंदाबाई?"

"बेटावद. पन मी ल्हानपनीच सुरतले उनी, तठे आते कोनी नही."

"बेटावद?" धुरपदाबाईंनी आईचा हातच धरला. "मन्हं बी बेटावदच! म्हंजे तू मन्ही बहीन ना व! एक गावन्या आपुन!"

दोघी खरोखर गळ्यात पडल्या. ज्या गावात आईने दहाव्या वर्षानंतर पाऊल टाकलं नव्हतं, त्या गावच्या विहिरी, पार, गल्ल्या सगळं निघालं. बापू खूश, काका खूश. लग्न ठरल्यातच जमा होतं.

"सुकलाल बी आपलाच गावना," धुरपदाबाई आईला सांगू लागल्या. "सुतार गल्लीना. माले भाऊ नही, मी एकलीच पोर. मन्हा लगनमा भाऊनी जागावर, मन्हा मांगे, तोच उभा व्हता. आनि भाऊबीजले बी सुकलालच. टोरांटोले गया तरी साडी धाडस."

मी मनात बेरीज पुन्हा मांडायला लागले. सुतार गल्लीचा सुकलाल. आडनाव वेगळं, घर वेगळं, रक्त वेगळं. आमच्या खानदेशात आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामा असतो, त्यात खोटं काहीच नाही. काकांनी शनिवारी खोटं सांगितलं नव्हतं आणि योगराजनेही नाही. पण दिल्लीचा साहेब आई आणि मामा दोघांच्या आईबापांची नावं विचारणार, दाखले मागणार. तिथे हे पाच गुण पकडले गेले की उरलेल्या एकसष्टांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. फाइल कायमची बंद.

गप्प बसता आलं असतं. निदान लग्न होईपर्यंत तरी. मी ट्रेच्या कडेवरून नख फिरवत बसले आणि माझा स्वभाव मला गप्प बसू देईना.

"ते पाच गुण कापावे लागतील," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की तिसरं स्थळ पुन्हा दारातून जाताना दिसलं.

"काय सांगी ऱ्हायनी तू?" काका म्हणाले.

"सुकलालमामा सख्खे नाहीत. कॅनडावाल्यांना रक्ताचं नातं लागतं. एकसष्टच धरा."

"कोन कॅनडावाला?" काका उभेच राहिले. "तो वहिनीना लगनमा भाऊ म्हनीसन उभा व्हता! भाऊबीजले साडी येस! आनि तो मामा नही? कालदिन तूच लिखं ना पाच?"

काकांच्या ओरडण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते धुरपदाबाईंकडे बघून. त्यांचे डोळे भरून आले होते. "सुकलाल मन्हा भाऊ नही?" त्या हळूच म्हणाल्या. एका वाक्यात मी त्यांचा एकुलता एक भाऊ काढून घेतला होता. मला फार वाईट वाटलं. जिभेला आवर घालायला कोणी शिकवलं असतं तर त्या क्षणी मी शिकले असते.

"तुमचा भाऊ आहेच, मावशी," मी म्हणाले. "मी त्यांच्या पाया पडेन. पण साहेबाला ते नाही पटणार."

"साहेबले सांगाले कोन जास?" काका म्हणाले. "कागद बनाडता येतस. आम्हनाकडे गावना भाऊ तो सक्का भाऊ. बस! वहिनी, चाला. ज्या घरमा मामाले मामा मानतस नही, तठे सोयरीक नही."

धुरपदाबाई उठल्या. योगराजही उठला, पण त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं आणि शब्द सापडत नव्हता. इंग्रजीतच नाही, मराठीतही हा अडतो, मला वाटलं. आणि मग मला रागच आला. काकांचा, साहेबाचा, सगळ्याच बेरजांचा.

"ठीक आहे," मी म्हणाले. "गावचा भाऊ तो सख्खा भाऊ. मान्य. पाच गुण राहू द्या."

काका थांबले.

"मग माझी आई कोण लागते यांची?" मी धुरपदाबाईंकडे बोट केलं.

"मन्ही बहीन," धुरपदाबाई म्हणाल्या. "आतेच त सांगं."

"सख्खी?"

"हा... गावनी, म्हंजे सक्कीच."

"म्हणजे योगराजची मावशी. आणि मी मावशीची मुलगी." मी पदर खोचला. "थांबा, काका. सोयरीक तर होतच नाही, पण आलाच आहात तर योगराजला राखी बांधून टाकते. दोरा घरात आहे."

काकांचं तोंड उघडं राहिलं. बापू भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतात की हसतात कळेना.

"पाच कापा," योगराज म्हणाला.

"योगराज!"

"कापा, काका. आतेना आते कापा." त्याने हात मागे घेतले, जणू मी खरंच दोरा घेऊन येतेय. "मामा घरना मामा ऱ्हावू द्या. कॅनडाले एकसष्ट सांगा."

आधी बापू हसले, मग आई, आणि शेवटी डोळे पुसता पुसता धुरपदाबाईसुद्धा. काकांनी मात्र हार मानली नाही. ते मटकन खाली बसले आणि बोटांवर मोजू लागले. "एकसष्ट म्हंजे नऊ पाहिजेत. दहामाईन नऊ! कोन दी एवढा? तो साहेब याले वळखस तरी का?"

धुरपदाबाईंनी मला जवळ बसवलं. माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला. काळी-गोरी बघण्यासाठी नाही, ते मला कळलं.

"साहेबनं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "रोज मोजानं काम तूच करस ना? मग तू सांग. परका मुलुखमा हाऊ टिकी का? वाट काढी का? तू किती देशी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. योगराज तर श्वास धरून उभा होता, एखादा खराखुरा उमेदवार असावा तसा. माझ्या तोंडाशी नेहमीचे सहा आले होते. मी ते गिळले.

"दहा," मी म्हणाले, आणि ट्रे उचलून घाईघाईने आत पळाले.