पाठीवरचा निळा कागद

मी एक जुने, पण कोरे जर्मन घड्याळ आहे. मित्रांनो, ‘जुने’ आणि ‘कोरे’ हे शब्द माझ्या बाबतीत एकत्र आले, याचा मला अजूनही संताप येतो.

जर्मनीतल्या एका लहान गावात माझा जन्म झाला. समोरून मी अगदी साधे. पांढरी तबकडी, निळसर काटे. माझे खरे रूप पाठीत आहे. तिथे काच आहे आणि आतले हलते चक्र दिसते. त्या चक्रावरच्या इवल्याशा पट्टीवर एका बाईने भिंगातून बघत, हाताने फूल कोरले आहे. अगदी तसेच फूल दुसऱ्या कुठल्याच घड्याळात नाही. प्रवासात चरे पडू नयेत म्हणून पाठीवर निळा प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता. तो पहिल्याच दिवशी काढायचा असतो.

खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीने नम्रताला जर्मनीला पाठवले होते. तिने मला वडिलांसाठी, हिंमतरावांसाठी घेतले. ते कारखान्यात फिटर होते. मिक्सर असो की पंखा, आत काय फिरते ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला वाटले, योग्य माणूस मिळाला.

कसला योग्य! येरवड्याच्या त्या घरात रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफाही प्लॅस्टिकमध्ये. नम्रताने कागदाला नख लावले, तर हिंमतरावांनी तिचा हात धरला.

“राहू दे. कंपनीनं उगाच लावलाय का? चांगल्या दिवशी काढू.”

आतले सगळे दिसते, असे तिने परोपरीने सांगितले. ते काय पळून जातंय, असे म्हणून त्यांनी मला कपाटात ठेवले.

तो चांगला दिवस येईचना. बुद्धपौर्णिमेला पांढरा सदरा घालून निघाले, मनगटावर जुनेच घड्याळ. नम्रताच्या लग्नात, मंडपातल्या गर्दीत चरा पडेल ही धास्ती आडवी आली. दर रविवारी मात्र मला रुमालातून काढून चावी द्यायचे, समोरून बघून हसायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. प्रेम होते हो, नाही कोण म्हणतो? त्या प्रेमाचीच मला चीड यायची.

मग त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ते कळताच नम्रता सासरहून धावत आली. तिने कपाट उघडले, कुणाला न विचारता कागद ओढून काढला आणि मला त्यांच्या तळहातावर पालथे ठेवले.

“बाबा, आतलं फूल बघा.”

त्यांनी मला खिडकीपाशी नेले. डोळ्यांजवळ धरले, तिरके केले, अंगठ्याने काच पुसली.

“धूसर दिसतंय गं,” ते म्हणाले. “कागद थोडा राहिलाय का अजून?”

नम्रताने हातातला निळा कागद मुठीत चुरगळला.

आता ते मला रोज घालतात, कानाशी धरून ऐकतात. परवा नळाला घासून माझ्यावर पहिला ओरखडा पडला. मला त्याचे काही वाटले नाही. मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे सांगणे इतकेच, आज घरी जा, कपाट उघडा, आणि ज्याच्यासाठी वस्तू आणली आहे त्याच्या हातात ती द्या. कागद काढून द्या.